पिवळ्या पिशवीतली वार

आमच्या हॉस्पिटलात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, असं विचारलंत तर लोक बाळंतिणींचं नाव घेतील. चूक. सगळ्यात मोठा आवाज चंदाचा. चंदा आमच्याकडे कचरा बघते. हे मी सोयीसाठी म्हणते आहे. तिच्यासमोर 'कचरा' म्हणायची माझी टाप नाही. बायोमेडिकल वेस्टला सगळे बीएमडब्ल्यू म्हणतात हे तिनं ट्रेनिंगमध्ये ऐकलं आणि तिथल्या तिथे उचललं. तेव्हापासून सारसोळ्याच्या मासळीबाजारात जुन्या मैत्रिणींनी विचारलं, काय करतेस गो हल्ली, की ही मान वर करून सांगते, "बीएमडब्ल्यू हाय माझ्याकडं."

मी मीना, तिथेच रिसेप्शनला बसते. जुईनगर स्टेशनपासून चालत येण्यासारखी इमारत. खाली मेडिकल आणि चष्म्याचं दुकान, वर दोन मजले आमचे. पाटीवर मॅटर्निटी अँड सर्जिकल लिहिलंय. बाळंतपणं डॉक्टर अमिता करतात, मालकीणही त्याच. बाकीच्या ऑपरेशनांना बाहेरचे सर्जन येतात. मी मूळची साताऱ्याकडची, हळू बोलणं आमच्यात कुणाला जमत नाही, पण चंदाशेजारी उभी राहिले की लोक मला मवाळ समजतात.

चंदा खाडीकाठच्या सारसोळ्याची. लग्न होऊन आली ती सासूबरोबर बाजारात बसली. सासूचं नाव पुतळाबाई. त्या दोघींची पाटी म्हणे सगळ्यात आधी रिकामी व्हायची, कारण पुतळाबाई मासे पारखायच्या आणि चंदा गिऱ्हाईक ओढायची. पुढे खाडीत मासळी कमी झाली, पुतळाबाईंचे गुडघे गेले, आणि चंदा आमच्याकडे झाडूपोछ्याला लागली.

लागली त्या पहिल्याच महिन्यात तिला सुई टोचली. कुणीतरी वापरलेली सुई साध्या डस्टबिनमध्ये टाकली होती, हिनं पिशवी दाबून बांधली आणि ती अंगठ्यात घुसली. सुई कुणाला लावलेली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग गोळ्या, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, आणि पुढच्या तपासणीची वाट बघत काढलेले महिने. त्या महिन्यांत चंदाचा आवाज मी ऐकला नाही. घरी ती वेगळ्या ताटात जेवत होती, नवऱ्यापासून लांब झोपत होती. सगळं निभावलं, शेवटच्या तपासणीतही काही निघालं नाही. त्या दिवशी ती डॉक्टर अमितांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "म्याडम, हा कचरा मना द्या. मी बघते कोनाला टोचतंय ता." आणि तेव्हापासून जी ओरडायला लागली ती आजतागायत.

डॉक्टरांनी तिला ट्रेनिंगला पाठवलं. ती परत आली आणि सगळ्यांना बाजार शिकवायला लागली. "पाटीत बोंबील, कोलंबी, निवट्या एकत्र टाकल्या तर कोन घेल? मंग इथं कशाला एकत्र टाकता?" शरीरातून निघालेलं आणि रक्तानं भरलेली पट्टी, कापूस पिवळ्यात. नळ्या, हातमोजे लालात. सुया त्या पांढऱ्या जाड डब्यात, काचा निळ्यात. एवढंच तर आहे, पण एवढंच माणसांना जमत नाही. एकदा एका पेशंटच्या मेव्हण्यानं लाल डब्यात केळ्याचं साल टाकलं. चंदा धावत आली. तो बिचारा साल परत काढायला वाकला तर ही केवढ्यानं ओरडली, "हात नको घालू! आता ता साल पन पेशंट झाला!" मेव्हणा पुन्हा आमच्या मजल्यावर दिसला नाही.

मागच्या जिन्याजवळ एक लहान खोली आहे. भरलेल्या पिशव्या तिथे जातात, आणि दुपारी झाकबंद पिवळी गाडी येऊन त्या घेऊन जाते, तळोज्याच्या बाजूला, जाळायचं ते जाळायला. त्या खोलीची चावी चंदाच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी वेगळ्या दोऱ्यात. एक पिशवी जरी खोलीतून गाडीशिवाय बाहेर गेली तर ती कुठल्या कुत्र्याच्या, कुठल्या पोराच्या हाती लागेल सांगता येत नाही. अंगठ्यातली सुई तिला आठवते. म्हणून ती चावी डॉक्टर अमितांनी मागितली तरी ती स्वतः येऊन कुलूप उघडते, चावी हातात देत नाही.

अशा बाईची सून आमच्याकडेच बाळंत झाली, गेल्या मार्गशीर्षात.

सुनेचं नाव मनस्वी, मुलगा निकेश. सगळं घर आदल्या दिवसापासून आमच्या बाकड्यांवर. पुतळाबाई मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसून होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत हळदीकुंकू. सकाळी मुलगी झाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, दोघी छान आहेत. निकेश रडला, चंदा त्याच्यावर ओरडली, मग स्वतःच रडली.

पुतळाबाई उठल्या आणि सगळ्यांसमोर सुनेला म्हणाल्या, "चंदा, वार दे."

वार म्हणजे बाळामागोमाग आईच्या पोटातून पडते ती. जिच्यावर बाळ नऊ महिने वाढतं. आपल्याकडे ती घरच्या जमिनीत पुरायची पद्धत होती. माझी स्वतःची कुठे पुरलीय ते आईनं मला दाखवलेलं आहे, गोठ्याच्या भिंतीलगत. गावी गेले की त्या जागेकडे माझी नजर जाते. का जाते, मला विचारू नका.

"नाय देता येनार, आये," चंदा म्हणाली.

"का? तुझ्या गल्यात चावी हाय ना?"

"हाय. म्हनूनच नाय देनार."

"निकेशची आनलेली. त्याच्या बापाची तर घरातच पडली. सगल्यांच्या शेवग्याखाली हायत. हिची का नाय? पोरगी हाय म्हनून?"

चंदाला हे लागलं. "असा बोलू नको गो आये," एवढंच ती म्हणाली, आणि आवाज इतका खाली होता की मी मान वर करून पाहिलं.

डॉक्टर अमिता पुढे झाल्या. त्यांनी म्हातारीच्या शेजारी बसून समजावलं. की हॉस्पिटलात निघालेला शरीराचा कुठलाही भाग जाळण्यासाठी गाडीतच जातो, नियम आहे, आणि नियमामागे कारण आहे. उंदीर-घुशी उकरतात, रक्तातून आजार पसरतात. पुतळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डाक्टरीनबाय, शेती गेली. मिठागर गेला. गावाच्या चारी बाजूला सेक्टरच्या बिल्डिंगी झाल्या. एक शेवगा उरला हाय. त्याच्याखाली आमची मानसं हायत. हिला कुठं ठेवू?"

म्हातारीची मला कीव नाही आली, तिचा हेवा वाटला. आपलं सगळं एका झाडाखाली आहे असं सांगता येणारी माणसं आमच्या सोसायटीत किती निघतील!

पण चंदा हलली नाही. तिनं हातमोजे, मास्क, एप्रन चढवला, आणि इतर दिवशी जशी करते तशी लेबर रूमच्या आणि ऑपरेशन थिएटरच्या पिवळ्या पिशव्या लेबलं लावून मागे नेल्या. त्या दिवशी थिएटरात एकच ऑपरेशन झालं होतं. सीवूड्सचे अरविंदकाका, पावणे गावातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, शुगर भयंकर, पायाचं बोट सडलेलं. सर्जननी ते काढलं.

चंदा खोलीत पिशव्या ठेवत होती तेवढ्यात निकेशनं वरून हाक मारली, "आई, डोळे उघडले! आपल्याकडं बघते!" चंदा एप्रन-मोजे काढून, हात धुऊन धावत वर गेली. आजी झालेली बाई धावणारच. चावी कुलपात लटकत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गाडी यायची वेळ झाली तेव्हा ती गळ्याशी हात नेत खाली आली, आणि मला मागून हाक आली. ती हाक ऐकून मी खुर्चीतून उठलेच, कारण ती मोठी नव्हती.

"मीनाताय, पिशवी गेली."

"कुठली?"

तिनं मोजे घालून उरलेल्या पिशव्या बाजूला केल्या, एकेक लेबल बघितलं. तळाशी गेली. थांबली. "वार हाय," ती म्हणाली. "काकांचं बोट नाय."

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. वॉचमन म्हणाला, आजींना मीच रिक्षा करून दिली, म्हणाल्या घरी देवाला सांगून येते. म्हणजे म्हातारी खोलीत शिरली होती, सगळ्यात वर असलेली, पट्ट्या-कापसानं जड झालेली पिवळी पिशवी तिनं उचलली होती आणि पणतीची वार म्हणून एका परक्या माणसाचं सडलेलं बोट घेऊन ती सारसोळ्याला गेली होती. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसले असते. चंदाचा चेहरा बघून हसू आलं नाही.

"वार पुरायच्या आधी धुतात," ती म्हणाली. "उघड्या हातानं. आनि घरची मासली आजून आयेच कापते, तिच्या बोटांना इळ्याच्या ताज्या चिरा हायत. काकांच्या त्या बोटात पू हाय, मीनाताय."

मग ती एकदम भानावर आली आणि पुन्हा आमची चंदा झाली. नवे मोजे, रिकामी पिवळी पिशवी, औषधाची बाटली पर्समध्ये कोंबली आणि मला म्हणाली, चला. डॉक्टर दुसऱ्या एका बाळंतपणात होत्या, त्यांना निरोप ठेवला. पुतळाबाईंना फोन लावला तर तो बाकड्याखालीच वाजला, चार्जिंगला लावलेला. शेजारी कुणी उचलेना. चंदानं रिक्षात बसता बसता गाडीवाल्याला फोन केला. "तू आधी सारसोळ्याला ये. आमच्या गल्लीच्या तोंडाशी. हा, घरूनच उचलायची हाय. का ते नंतर. पिशवी रिक्षात नाय आननार मी, तुझ्याच गाडीतून जाईल." माणूस घाबरला की नियम विसरतो, ही घाबरली होती तरी एक पिशवी रिक्षात घालायला तयार नव्हती. रस्ताभर ती एकच म्हणत होती, "उघडू नको गो आये, उघडू नको."

रिक्षा गल्लीत शिरेना, समोर टेम्पो. चंदा उतरून धावली आणि धावता धावता तिनं तोंड उघडलं.

"आयेऽऽ! हात लावू नकोऽऽ!"

मी तो आवाज रोज ऐकते. पण त्या दिवशी तो कशासाठी बनलेला आहे ते कळलं. अख्खी गल्ली दारात आली. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या तोंडात घास. आम्ही दोघी घराला वळसा घालून मागे पोचलो.

चारी बाजूंना फरशी आणि मध्ये एक मातीचा चौकोन, त्यात शेवगा. पुतळाबाईंनी खड्डा उकरलेला. शेजारी परातीत पिवळी पिशवी, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं, बाजूला नारळ, गरम पाण्याची कळशी. त्या हातात कोयता घेऊन पिशवीच्या गाठीवर वाकलेल्या होत्या. आवाज ऐकून तशाच थांबल्या होत्या. गाठ शाबूत होती.

"नाय देनार," त्या म्हणाल्या आणि परात पदराशी ओढली.

"आये, ती आपली नाय."

"खोटं बोलतेस."

"तुझी शप्पत. एका म्हाताऱ्याच्या पायाचं बोट हाय त्यात. सडका. शुगरचा."

पुतळाबाईंनी परातीकडे पाहिलं. हळदीकुंकवाकडे पाहिलं. हळूच परात खाली ठेवली आणि विचारलं, "कुठल्या गावचा?"

मी ओढणी तोंडात धरली.

"सीवूड्सचा."

"जिता हाय?"

"हाय. चायमदी साखर मागतो."

म्हातारी जमिनीवर बसली. कोयता बाजूला पडला. मग डोळे भरून आले तिचे, आणि तिनं जे विचारलं त्यानं माझं हसू कुठल्या कुठे गेलं. "मंग आपली कुठं हाय?"

"तितंच. खोलीत. तलाला."

"मी वरची उचलली. नातसुनेची वार शेवटी निघाली, ती वर असनार, असा वाटला."

"वरच होती," चंदा म्हणाली. ती आता गुडघ्यांवर बसली होती, सासूसमोर, मोजे घातलेले हात हवेत धरून. "मीच तलाला घातली. सगल्यांच्या खाली."

"का गो?"

"वर ठेवली असती तर मीच नेली असती."

भिंतीपलीकडून गल्ली डोकावत होती. "तुला पन पायजे होती," म्हातारी म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"मना नको? माझी पयली नात हाय ती."

मग चंदा उठली, कारण वेळ नव्हता. जुन्या पिशवीला तशीच दुसऱ्या पिवळ्या पिशवीत घातली, गाठ मारली. गाडी आली, गल्लीच्या तोंडाशी ती धोक्याच्या काळ्या खुणेची पिवळी गाडी बघून पोरं लांब सरली. पिशवी तिच्यात गेली. चंदानं परात, कोयता, फरशी औषधाच्या पाण्यानं धुतली आणि सासूचे हात नळाखाली धरून कोपरापर्यंत साबण लावला, एकेक चीर उजेडात धरून पाहिली.

"जलमभर मासली कापली मी. तू मना हात धुवायला शिकवतेस?"

"आज शिकवते," चंदा म्हणाली.

म्हातारी परत येताना आमच्याबरोबर रिक्षात बसली. म्हणाली, "नेनार असाल तर नेवा. पन तिला जाताना मना बघायची हाय."

हॉस्पिटलात डॉक्टर अमिता जिन्यातच उभ्या होत्या. चंदानं त्यांना बोलू दिलं नाही. "कुलूप माझ्या हातून उघडा राहिला, म्याडम. आये गेली ती नंतर, आधी माझा कुलूप. तसाच लिवा, जितं कलवायचं तितं कलवा." डॉक्टर तिच्यावर चिडल्या, चांगल्याच चिडल्या, आणि म्हणाल्या की कळवणार, ते टळणार नाही. चंदानं गळ्यातली चावी काढून पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली नाही. म्हणाल्या, "ही कुणाला देऊ मी? तुझ्याएवढा आरडाओरडा करणारी दुसरी कुठून आणू? घाल गळ्यात."

अरविंदकाकांना डॉक्टरांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. काकांनी पायावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं बोट हळदीकुंकू लावून सारसोळ्याला फिरून आलं. आणि मला तुम्ही संडासापर्यंत पाठवत नाही." डॉक्टरांना हसावं की नाही कळेना.

गाडी मागच्या दाराशी लागली होती. चंदानं एकेक पिशवी दिली, शेवटी तळाची. ती तिनं दोन्ही हातांनी धरली. पुतळाबाई पुढे झाल्या, कुंकवाचं बोट उचललेलं.

"पिशवीला नाय, आये."

म्हातारीनं बोट आवरलं. इकडेतिकडे पाहिलं, आणि गाडीच्या मागच्या दाराला, काळ्या खुणेच्या वर, हळद लावली, कुंकू लावलं. गाडीवाल्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला. दार बंद झालं. आपण मेल्यावर आपल्यालाही शेवटी आगच मिळते, ही थोडी आधी गेली, असं काहीतरी माझ्या मनात आलं. गाडी वळेपर्यंत पुतळाबाई उभ्या होत्या.

तेव्हा डॉक्टर अमिता म्हणाल्या, "आजी, सगळं नाही गेलं. बाळाच्या बेंबीला नाळेचा तुकडा आहे. थोड्या दिवसांत वाळेल आणि आपोआप पडेल, तुमच्या घरी. तो माझा नाही, गाडीचा नाही. तुमचा. फक्त ओढायचा नाही, त्याला काही लावायचं नाही, कोरडा ठेवायचा."

"हळद?"

"हळदपण नाही."

पुढचे दिवस त्या तुकड्यावर पहारा बसला. मनस्वी सांगत होती, पणजी लंगोट बदलताना समोर बसते, कुणाला ओढू देत नाही. एक दिवस दुपारी रिसेप्शनचा फोन वाजला. उचलायच्या आधीच कोण ते कळलं.

"मीनाताय, पडली! संध्याकाळी ये."

मी गेले. शेवग्याखाली खड्डा तसाच ठेवलेला होता. मनस्वी बाळाला घेऊन पायरीवर, निकेश मोबाइल धरून. पुतळाबाईंनी हळदीच्या कापडातला तो वाळका, करंगळीच्या टोकाएवढा तुकडा पुढे केला आणि म्हणाल्या, "मी नाय. तू पूर. तू तिला सोडलीस, तूच ठेव."

चंदानं सवयीनं पर्समध्ये हात घातला आणि मोजे काढले. पुतळाबाईंनी तिच्या मनगटावर चापट मारली. "घरचा हाय ता!"

चंदानं मोज्यांकडे पाहिलं. ते पर्समध्ये परत टाकले. ओंजळ पुढे केली, उघडी, आणि तो तुकडा तीत घेऊन खड्ड्याशी बसली. तिचा अंगठा मला दिसत होता, सुई टोचलेला. मग तिनं तो खड्ड्यात ठेवला, दोन्ही हातांनी माती लोटली, थापली, पुन्हा थापली, आणि ज्या बाईचा आवाज खाडीपर्यंत जातो ती इतकं हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं.

"रा आता हितंच, बाय."

मग ती उठली, नळावर गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.